समर्थची आत्या

मुलगी बघायला माणसं घरी येतात, देवळात भेटतात, फार तर एखाद्या हॉटेलात चहा घेतात. स्नेहलला बघायचा कार्यक्रम मात्र वॉटर पार्कमध्ये ठरला. ही अक्कल पुंजारामनानांची. नाना सोयरिकी जुळवतात आणि त्यात पटाईत आहेत, म्हणजे कोणाचं काय लपवायचं आणि कुठे लपवायचं हे त्यांना बरोबर कळतं. स्नेहलचं जे लपवायचं होतं ते अडीच वर्षांचं होतं, घरभर पळत होतं आणि ऊठसूट ‘आई’ म्हणून तिचा पदर ओढत होतं.

पाहुणे काष्टीला घरी आले असते तर चहा उकळायच्या आत कोणीतरी शेजारीण सगळं सांगून मोकळी झाली असती. आमच्या आळीत बायकांच्या पोटात काही राहत नाही, आणि दुसऱ्याच्या लग्नाचं तर मुळीच नाही. म्हणून नाना म्हणाले, चांगलं दोन दिवस सहलीला जा, पार्कात राहायची सोय असते, पाव्हणे तिथेच येतील. पोरं पाण्यात खेळतील, माणसं बोलतील, दुपारी एका टेबलावर जेवतील. बाहेरच्या ठिकाणी कोण कोणाचं, हे कोण विचारतो?

स्नेहलचा नवरा चाकणला कंपनीत होता. रात्रपाळी करून येताना मोटारसायकल ट्रेलरखाली गेली, तेव्हा समर्थ नुकता रांगायला लागला होता. सासरच्यांनी तेरावं उरकलं आणि तिची पेटी, पोर आणि ती असं सगळं थोडे दिवस म्हणून काष्टीला भावाकडे आणून सोडलं. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. भाऊ सुनील, त्याचं पेठेत पशुखाद्याचं दुकान. त्याची बायको सृष्टी. त्यांना मूलबाळ नाही. दवाखाने झाले, नवस झाले, आता त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. स्नेहलची आई पुष्पावती ह्या सगळ्यांच्या मध्ये बसून भाज्या निवडते आणि निर्णय घेते.

स्थळ शेवगावकडचं. मुलगा मच्छिंद्र, पाण्याखालची जमीन, स्लॅबचं घर, व्यसन नाही, वय चाळिशीकडे झुकलेलं. आता आमच्या जिल्ह्यात असे गडी गावोगाव आहेत. त्यांना मुलगी मिळत नाही आणि मग त्यांच्या आया एकेक अट खाली उतरवत येतात. आधी शिकलेली पाहिजे ही अट जाते, मग गोरी पाहिजे ही जाते, मग खाऊनपिऊन सुखी घरातली पाहिजे हीही जाते. मच्छिंद्रची आई कडूबाई उतरत उतरत विधवेपर्यंत आल्या होत्या. तिथे मात्र त्यांनी पाय रोवला. पदरात पोर नको. नानांनी फोनवर जीभ न अडखळता सांगून टाकलं, की पोर नाही, भावाचं एक आहे, त्याचा तिला फार लळा.

एवढं बोलून नाना मोकळे झाले. बोललेलं खरं करायचं काम घराकडे आलं.

समर्थला स्नेहलला ‘आत्या’ म्हणायला शिकवायचं आणि सृष्टीला ‘आई’, असं पुष्पावतीबाईंनी ठरवलं. ह्यात आपण काही भयंकर करतोय असं त्या घरात कोणालाही वाटलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आमच्याकडे आईला आई म्हणणारी पोरं होतीच किती? एकत्र घरात दीर वहिनी म्हणायचे, ते ऐकून पोटची पोरंही वहिनीच म्हणायची. सुनील-स्नेहलचे वडील आपल्या आईला मरेपर्यंत ‘काकी’ म्हणत होते आणि तिला खांदा देताना ‘काकी, काकी’ म्हणूनच रडले. म्हणून काय ती त्यांची आई नव्हती? हाकेत काय ठेवलंय, असं पुष्पावतीबाई म्हणाल्या आणि स्नेहललाही ते पटलं. पण वडिलांना घास भरवायची ती काकीच, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. इथे नुसती हाक बदलायची नव्हती, कारण नुसती हाक काही केल्या बदलेना. म्हणून घासाला हात घालावा लागला.

सृष्टी ताट घेऊन बसायची. स्नेहलकडे बोट करून विचारायची, ही कोण? ‘आई’ म्हणाला की घास मागे जायचा. ‘आत्या’ म्हणाला की तोंडात. स्नेहलने चुलीकडे तोंड करून भाकरी थापायच्या आणि मागून कितीही हाका आल्या तरी वळायचं नाही, असं ठरलं होतं. एकदा तो दिवस कलेपर्यंत उपाशी राहिला. इतका रडला की आवाज बसला. संध्याकाळी सृष्टीने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने बसक्या आवाजात ‘आत्या’ म्हटलं आणि दूध-चपातीची वाटी संपवली. भुकेलं लेकरू लवकर शिकतं. त्या दिवसापासून त्याला जेवू घालायचं, निजवायचं, धुवायचं ते सृष्टीने, आणि स्नेहलने लांबून बघायचं.

स्नेहल हे सगळं सोसत होती ते एका शब्दावर. आईने आणि भावाने तिला सांगितलं होतं, एकदा त्या घरात पाय घट्ट झाला, नवरा मुठीत आला, की वर्ष-दीड वर्षात त्याला खरं सांगायचं आणि समर्थला घेऊन जायचं. माणूस चांगला आहे, तो काय नाही म्हणतो का? सव्वीस वर्षांची बाई भावाच्या तीन खोल्यांत किती दिवस राहणार? तिला स्वतःचं घर हवं होतं आणि त्या घरात आपलं पोर हवं होतं. त्यासाठी फक्त हे एक जेवण नीट पार पडायला हवं होतं. टेबलावर पोराने तिला आई म्हणता कामा नये.

पुष्पावतीबाई घरीच राहिल्या, बाकी चौघं निघाले. पार्क शिर्डीच्या रस्त्याला आहे. दारात सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेतून पाणी, आणि पाण्याखाली उभं राहून फोटो काढणारी खानदानंच्या खानदानं. आत जाताना गेटवरच्या माणसाने पिशव्या उघडायला लावल्या आणि सृष्टीने समर्थसाठी आणलेला मऊ वरणभाताचा डबा आणि दशम्या काढून ठेवल्या. बाहेरचं खाणं चालत नाही. सृष्टी त्याच्याशी खूप भांडली, लेकराचं हाय हो, लेकराचं हाय, पण तो माणूस रोज अशी शंभर भांडणं ऐकत असणार. डबा तिथेच राहिला.

कडूबाई आणि मच्छिंद्र आधीच येऊन बसले होते. कडूबाई नऊवारीत, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. त्या पाण्यात उतरल्या नाहीत. लहान पोरांच्या उथळ हौदाच्या काठावर पाय सोडून बसल्या आणि सकाळभर तिथून हलल्या नाहीत. मच्छिंद्रने भाड्याचे निळे नायलॉनचे कपडे घातले होते आणि त्यात तो फारच बारीक दिसत होता. पण माणूस लेकरात रमणारा निघाला. समर्थला त्याने खांद्यावर घेतलं, घसरगुंडीवरून खाली सोडलं, तोंडात पाणी भरून त्याच्यावर उडवलं. समर्थ खदखदून हसला. स्नेहल लांब, कमरेएवढ्या पाण्यात सुनीलजवळ उभी होती आणि ते बघून तिला इतकं बरं वाटलं की तिने मनातल्या मनात वर्ष-दीड वर्षाचं सहा महिन्यांवर आणलं.

मग समर्थ घसरून पालथा पडला. पाणी पोटरीएवढंच, पण नाकातोंडात गेलं. स्नेहलचा पाय आपोआप पुढे पडला आणि सुनीलने पाण्याखालीच तिचं मनगट धरलं. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. सृष्टी धावली, तिने उचललं, पाठीवर थापट्या मारल्या. काठावरून कडूबाई समर्थकडे बघत नव्हत्या. त्या स्नेहलकडे बघत होत्या.

दुपारी सगळे कपडे बदलून जेवायला गेले. स्नेहलने मोरपंखी साडी नेसली होती, केस ओलेच होते. तिथलं हॉटेल म्हणजे मोठा पत्र्याचा हॉल, आधी टोकन घ्यायचं, मग रांगेत उभं राहायचं, मग टेबल शोधायचं. वर गाणी इतक्या मोठ्याने की शेजारच्याला ओरडून सांगावं लागत होतं. जिकडेतिकडे ओली पोरं, सांडलेलं ताक, पायाखाली चुरलेले वेफर. पोराला घेऊन बाहेर जेवायला जाणं ही काय शिक्षा असते ते तिथल्या प्रत्येक आईच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सुनील आणि मच्छिंद्र ताटं आणायला गेले आणि टेबलावर कोण कुठे बसायचं ते कडूबाईंनी ठरवलं.

हॉटेलवाल्या पोरीने समर्थसाठी उंच पायांची प्लास्टिकची खुर्ची आणली. सृष्टी ती आपल्याजवळ ओढायला लागली. कडूबाईंनी तिचा हात धरला आणि खुर्ची स्नेहलच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवायला लावली. सृष्टीला त्यांनी समोर, टेबलाच्या पलीकडे बसवलं.

“आत्याजवळ बसू द्या की त्याला,” त्या म्हणाल्या. “लळा हाय म्हनता ना.”

गेल्या कित्येक दिवसांत स्नेहल त्याच्या इतक्या जवळ बसली नव्हती. त्याच्या केसांना पाण्यातल्या औषधाचा वास येत होता, खालून पोराचा स्वतःचा वास येत होता. कानामागे साबण राहिला होता. सृष्टीला कान धुता येत नाहीत, हे तिला तेवढ्यात दिसलं आणि तिने नजर पाण्याच्या बाटलीवर नेली.

ताटं आली. पनीर, तंदुरी रोटी, डाळ, भात, एका कागदी पेल्यात बटाट्याचे फ्रेंच फ्राइज. समर्थने आधी खुर्चीत उभं राहून दाखवलं, मग चमचा खाली टाकला, मग फ्राइज सॉसमध्ये बुडवून टेबलावर रेघा ओढल्या. मच्छिंद्र हसत होता. सुनील न हसता हसण्याचं तोंड करून बसला होता. कडूबाई रोटीचे तुकडे करत सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या.

सृष्टीने टेबलावरून वाकून डाळभाताचा घास त्याला दिला. डाळ तिखट होती. समर्थचं तोंड लाल झालं, त्याने घास बाहेर थुंकला आणि रडायला लागला. मच्छिंद्रने स्नेहलपुढे ताकाचा पेला सरकवला.

“तुमीच भरवा की,” तो म्हणाला. “जवळ हायेत तर.”

नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर धोका. स्नेहलने ताक पाजलं. समर्थ हुंदके देत प्यायला. मग तिने साधा भात घेतला, त्यावर थोडं ताक घातलं आणि अंगठ्याने नीट कुस्करला. हे तिच्या हाताला सांगावं लागत नव्हतं. तिने घास त्याच्या तोंडाशी नेला आणि मनातल्या मनात विनवलं की बाळा, आता काही बोलू नको, नुसतं खा.

समर्थ काही बोलला नाही. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याला भूक होती, डोळे घासावर होते, पण त्याने मान फिरवली आणि टेबलापलीकडे सृष्टीकडे बघितलं. ह्या बाजूने घास येत नसतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. आला असेल तर त्यात काहीतरी गोम असणार. सृष्टीने मान हलवून हो म्हटलं तरी त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी तिने स्नेहलच्या हातातला घास आपल्या हातात घेतला आणि तोच घास त्याने तिच्या हातून खाल्ला.

“माझ्याच हातचं लागतं ह्याला,” सृष्टी पाहुण्यांना म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं, आणि ते सांगताना तिला झालेला आनंदही खोटा नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चारचौघांत हे वाक्य बोलायला मिळालं होतं. स्नेहलने आपली बोटं कागदाला पुसली. तिला वाटलं, झालं, पार पडलं. जे व्हायला हवं होतं तेच झालं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस निघाला. गाणं बदललं आणि एक भलंमोठं अस्वल नाचत आलं. पार्कचाच माणूस, आत शिरलेला, वर कापडी डोकं, डोळे बशीएवढे. पोरं टाळ्या पिटत होती. अस्वलाला वाटलं ह्याही टेबलावरच्या लेकराला हसवावं, म्हणून ते मागून आलं आणि आपलं डोकं समर्थच्या खांद्यावरून पुढे काढलं.

समर्थ किंचाळला. अख्ख्या हॉलने वळून बघावं असा. खुर्चीत उभा राहिला, एक पाय ट्रेवर टाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, “आई!”

सुनीलच्या हातातली वाटी तशीच राहिली. स्नेहल उठली होती. कधी उठली ते तिला कळलं नाही. तिचे दोन्ही हात पुढे झाले होते, पदर डाळीत पडला होता, आणि तिला आता कोणाची पर्वा नव्हती, स्थळाची नाही, भावाची नाही. पोर घाबरलंय आणि आई म्हणतंय, एवढंच तिला ऐकू आलं होतं. तिने त्याला खुर्चीतून उचललं. तो तिच्या हातात सापडलेल्या कोंबडीसारखा तडफडला, तिच्या छातीला कोपर मारून खाली घसरला, टेबलाखालून रांगत पलीकडे गेला आणि सृष्टीच्या मांडीत तोंड खुपसून “आई, आई” करत राहिला.

त्याने हाक मारली होती ती पलीकडे. स्नेहल उभीच राहिली. अस्वल माफी मागितल्यासारखे हात जोडून दुसरीकडे गेलं. सुनीलने वाटी खाली ठेवली आणि त्याच्या तोंडावर जी सुटका दिसली ती त्याने लपवलीही नाही.

कडूबाईंनी जेवण संपवलं, ताटात हात धुतला, पदराला पुसला.

“लई चांगलं तोडलंय पोराला तुमी,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं न्हवतं एवढं जमंल.”

सुनील उगाच हसला आणि म्हणाला, मावशी, काय म्हणता काय कळलं नाही. तेव्हा कडूबाईंनी सावकाश सांगितलं. स्नेहलच्या सासरच्या गावात त्यांची चुलतबहीण दिलेली आहे. तेराव्याला ती मांडवात होती आणि रांगतं पोर तिने डोळ्यांनी बघितलं होतं. नानांचा फोन ठेवल्याबरोबर कडूबाईंनी बहिणीला फोन लावला होता. पुंजारामच्या तोंडावर विसंबून आम्ही सोयरीक करत नसतो, असं त्या म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. उलट खूश होत्या. खोटं बोललात म्हणून त्यांची तक्रारच नव्हती. पोर आहे की नाही हे बघायला त्या आल्याच नव्हत्या.

“गाय घेतानी आमी काय बघतो?” त्या स्नेहलला म्हणाल्या. “वासरू सोडून गाय पुढं चालती का ते. वासरासाठी मागं वळून हंबरनारी गाय पान्हा चोरती, बाई. पर वासरूच दुसऱ्या दावनीला रमलं, मग गाय कितीबी हंबरू दे. दोन दिस हंबरती, गप व्हती.”

मग त्यांनी अट पुन्हा सांगितली, म्हणजे घोळ नको. पोर शेवगावला येणार नाही, सणालाही नाही. वर्षा-दोन वर्षांनी नवऱ्याला गोड बोलून आणू, असं मनात असेल तर आत्ताच काढून टाक. तुला आमच्याकडं दुसरी होतील. तुझे भाऊ-भावजय पोराला बघतायत, चांगलं बघतायत, आम्ही डोळ्यांनी बघितलं.

स्नेहलने मच्छिंद्रकडे बघितलं. सकाळी ह्याच माणसाने समर्थला खांद्यावर घेतलं होतं. तो सॉसची पुडी घडी घालून बारीक बारीक करत होता.

“मीच म्हनलं हुतं आईला,” तो खाली बघत म्हणाला, “समोर बघूनच ठरवू म्हनून. मागनं ताप नको.”

म्हणजे खांद्यावर घेणं, घसरगुंडी, ताकाचा पेला पुढे सरकवणं, हे सगळं बघूनच ठरवण्यातलं होतं. स्नेहल भावाकडे वळली. सुनील म्हणाला, बरं झालं मावशी, तुम्हीच मोकळं केलंत, आमच्या डोक्यावरचं ओझं गेलं. स्नेहल, तू काळजी करू नको, समर्थला आम्ही आमचंच नाव लावणार आहोत, आईशी बोलणं झालंय. बोलणं कधी झालं, असं तिने विचारलं नाही. सृष्टीने पोराला अजून जवळ ओढून घेतलं होतं आणि त्यावरूनच तिला कळलं की ते पहिल्याच दिवशी झालं होतं. वर्ष-दीड वर्ष हा फक्त तिला द्यायचा घास होता.

तिचं डोकं सुन्न झालं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते स्वच्छ झालं. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, सृष्टीचे हात बाजूला केले आणि समर्थला उचलून आणलं. ह्या वेळी अस्वल गेलेलं होतं आणि तो रडून दमला होता, म्हणून आला. तिने त्याला मांडीवर घेतलं.

“हा माझा मुलगा आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज गाण्याच्या वर गेला आणि शेजारच्या टेबलावरच्या बायका बघायला लागल्या. “मी आई आहे ह्याची. मला न्यायची असेल तर ह्याच्यासकट न्या. न्हाईतर मी ह्याला घेऊन चालले. कुठंबी राहीन.”

सुनील दबक्या आवाजात बस म्हणाला. सृष्टी रडायला लागली. कडूबाई अजिबात विचलित झाल्या नाहीत. त्यांनी समर्थच्या गालावरचा भाताचा कण काढला.

“मला काय सांगती?” त्या म्हणाल्या. “त्याला सांग. त्याला ठावं हाय का ते इचार.”

स्नेहलने त्याला आपल्याकडे वळवलं. त्याच्या पापण्या ओल्या होत्या, नाक वाहत होतं. ते तिने पदराने पुसलं. त्याने तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी चाळा केला, जसा तो अंगावर पिताना करायचा. तिला वाटलं, ह्याला माहीत आहे. भाषा बदलली असेल, पण अंगाला माहीत आहे.

“समर्थ,” ती म्हणाली. “बाळा, माझ्याकडं बघ. मी कोण?”

त्याने तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस, प्रत्येक घासाआधी, हाच प्रश्न त्याला विचारला गेला होता, आणि त्याचं चुकलं की काय होतं आणि बरोबर आलं की काय होतं हे त्याला जन्मात कधी विसरता येणार नव्हतं. त्याला भूकही लागली होती. त्याने ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आत्या,” तो म्हणाला आणि तोंड उघडलं.

ते तोंड तसंच उघडं राहिलं. बारीक दात, जिभेवर ताकाचा पांढरा थर. बरोबर उत्तर दिलं होतं, आता मिळणार, अशी त्याची खात्री होती. स्नेहलला त्या क्षणी पोराचा राग आला. खरा, आतून आलेला राग, एक ठेवून द्यावी असा. आणि मग त्या रागाचीच तिला भीती वाटली. ह्याला घेऊन कुठेही गेलं तरी रोज दोन वेळा ताटावर हाच प्रश्न तिला पडणार आणि रोज दोन वेळा ह्याच्या डोळ्यांत तिला सृष्टी दिसणार. तो तिच्याकडे उपाशी राहील आणि दुसऱ्या आईसाठी रडेल. त्याला उपाशी ठेवून आई म्हणायला शिकवता येतं, ते तिने बघितलं होतं. तिला ते करायचं नव्हतं.

सृष्टीचा हात सवयीने घास घेऊन पुढे आला. स्नेहलने तो मागे ढकलला. कडूबाईंनी मांडीवरची कापडी पिशवी उघडली आणि नारळ, खण, मूठभर तांदूळ काढून टेबलावर ठेवले, ताटं बाजूला सारून. पदर कर पुढं, असं त्यांनी सांगितलं.

समर्थने अजून तोंड मिटलं नव्हतं. स्नेहलने ताकभात घेतला, अंगठ्याने नीट कुस्करला आणि त्याला भरवला. ह्या वेळी त्याने मान फिरवली नाही. त्याने घास गिळला आणि पुन्हा तोंड उघडून, न विचारताच, “आत्या” म्हटलं. तिने त्याला अख्खी वाटी संपेपर्यंत भरवलं. मग हात धुतला आणि पदर पुढे केला.